दोन बोटं

गाडी आत घेतानाच दिसलं : नाक वर.
रुखवतात खोट काढायला आलेल्या आत्याबाईसारखं.
डॉक्टरीणबाई सीटवर उशी टाकून आल्या होत्या,
उशीखाली जुनी टेलिफोन डिरेक्टरी,
तरी स्टिअरिंगच्या वर नुसते डोळे.

"बॉनेटच्या पलीकडं रस्ता दिसत नाही रे," म्हणाल्या.
"आभाळ दिसतं. आडीच्या डोंगराचं टोक दिसतं.
त्यावरनं अंदाज घेत येते.
मी दोन बोटं आखडले, दस्तगीरच्या पोरा,
आता हिलाही आखडव."

दोन बोटं, पण कुणाची?
मी माझी पुढं केली, ग्रीसनं काळी, जाडजूड.
त्यांनी मान हलवली, स्वतःची दोन
मडगार्ड आणि टायरच्या मधे आडवी धरली.
बारीक, सांध्यांवर सुजलेली.
आडवं आलेलं मूल याच बोटांनी
पोटातल्या पोटात वळवून सरळ केलं होतं,
ते मूल म्हणजे माझा थोरला भाऊ,
आता हुबळीला बस चालवतो.

ही ॲम्बॅसिडर, मार्क टू.
हिला पुढं गुंडाळीची स्प्रिंग नाही.
पोलादाची एक सळई, अंगठ्याहून जाड,
एक टोक चाकाच्या हाताला, दुसरं गाडीच्या पोटात,
आणि सगळा भार तिच्या पिळावर.
सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात.
इथं पीळ गेला
की गाडीच बसते.

जॅक लावला. चाक काढलं. खाली सरकलो.
पायगोंडा बाहेरनं बॅटरी धरून,
"निधान, अण्णा, निधान."
तो घाबरला की कन्नडात घाबरतो,
पगार मागायचा असला की मराठीत.

टोकाचा नट सुटेना. रॉकेल सोडलं, चहा प्यायलो,
पुन्हा गेलो. चिंधीनं दात पुसले
तर तिथं छिन्नीच्या दोन खुणा.
एक कंपनीच्या घरावर,
एक तिथून दोन दात वर.
बाजूला छोटा, वाकडा द.

ही गाडी अब्बांनी उचलली होती.
तेव्हा वेदगंगेच्या उतारावर पूल नव्हता,
पावसाळ्यात पाणी बंपरला लागायचं
आणि पलीकडच्या बायका काही
पाणी उतरायची वाट बघून बाळंत व्हायच्या नाहीत.
मला कुणी सांगितलं नव्हतं.
अब्बा सांगणारे नव्हते,
खूण करून ठेवणारे होते.

मी पुष्कळ वेळ तसाच पडून राहिलो.
पायगोंडाला वाटलं मला चक्कर आली.

मग एक दात खाली.
डावी सळई वेगळी, उजवी वेगळी,
हिची तिला चालत नाही, पीळ उलटा.
दोन्हीकडं एकेक दात, सारखा. जॅक उतरवला.
बाईंनी बोटं घातली. अजून फट राहत होती.
पुन्हा वर, पुन्हा खाली, अजून एक दात.
"साकु," पायगोंडा म्हणाला,
बाई म्हणाल्या, "थांब, तू नको ठरवूस."

द च्या खुणेवर मी कानस धरली होती.
धरली आणि ठेवून दिली.
खाली, जुन्या घरापाशी, स्वतःचं काहीच कोरलं नाही.

गाडी लगेच बसत नाही, बाईंना सांगितलं,
अंग मोकळं व्हायला चार मैल लागतात.
तंबाखूच्या वखारीपर्यंत जाऊन या.
हेडलाइट आता जमिनीत बघतील, ते उद्या करू.
पैसे?
त्यांनी पर्स उघडली, मी हात मागं घेतला,
त्यांनी दामटून खिशात कोंबले,
"तुझ्या बापानं घेतले होते,
पंचवीस रुपये, आणि पावती दिली नव्हती."

उशी तशीच, डिरेक्टरी मात्र काढून माझ्या बाकड्यावर.
गाडी दारातनं बाहेर पडली, नाक सरळ,
आणि दहा पावलांवर खाडकन थांबली.
मी पाना टाकून धावलो.

बाई काच खाली करून रस्त्याकडं बघत होत्या.
"अरे," म्हणाल्या, "इथं खड्डा आहे."

तीन वर्षं आहे, बाई.